औंध : पासपोर्ट न लागणारा एक छोटा देश

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, किंवा एसटीत इअरफोन विसरलेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलण्यातले 'अं', 'म्हणजे' आणि मधला पाण्याचा घोट तेवढा काढून टाकलाय. बाकी सगळं जसं बोललो तसंच.

गेले काही दिवस तुमचे मेसेज येत होते. "मॉरिशसवर भाग करा", "सेशेल्सला स्वस्तात कसं जायचं ते सांगा", "एखादा छोटासा देश घ्या, तिथली संस्कृती, निसर्ग, बघण्यासारखं काय ते सगळं सांगा." म्हटलं, करूया. छोटा देश, उष्ण कटिबंधातला, स्वतःचा राजा, स्वतःची राज्यघटना, स्वतःचं कलासंग्रहालय, भिंती नसलेला तुरुंग आणि कारखान्यासाठी वसवलेलं एक अख्खं गाव. विमान लागत नाही. साताऱ्याच्या स्टँडवरून एसटी मिळते.

या देशाचं नाव औंध. पुण्यातलं औंध नव्हे हां. हे सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं औंध, म्हणजे पंतप्रतिनिधींचं औंध संस्थान. १९४८ साली हा देश नकाशावरून पुसला गेला. त्याचे तुकडे आज मुख्यतः सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत आहेत. तुमच्यापैकी कित्येक जण त्यातून रोज गाडी चालवत जातात आणि आपण एका जुन्या सरहद्दीवरून गेलो हे त्यांना कळतही नाही.

देश केवढा?

आधी आकार बघू. औंध संस्थानाचं क्षेत्रफळ होतं ५०१ चौरस मैल, म्हणजे साधारण १,३०० चौरस किलोमीटर. आजच्या सिंगापूरपेक्षा मोठं. सेशेल्सच्या तर दुपटीहून जास्त. गावं ७२. आणि १९३०च्या दशकात लोकसंख्या पाऊण लाखाच्या आसपास. आज एखाद्या तालुक्याच्या शहरात एवढी माणसं सहज राहतात.

पण नकाशा मोठा विचित्र होता. सलग देश नव्हताच तो. भाकरीचा तुकडा हातात चुरून ताटभर टाकावा, तसा पसरलेला. औंध आणि आजूबाजूची गावं एकीकडे, आटपाडी महाल पार पूर्वेला, कुंडल दक्षिणेला आणि गुणदाळ तर थेट विजापूरकडे. मधल्या सगळ्या मोकळ्या जागेत इंग्रजांचा सातारा जिल्हा आणि इतर संस्थानं. म्हणजे औंधहून आटपाडीला जायचं तर राजालासुद्धा 'परदेशातून' जावं लागायचं!

'देश' हा शब्द मी जरा सैल हाताने वापरतोय, हे कबूल. संस्थानं पूर्ण स्वतंत्र नव्हती. वर इंग्रज होतेच. औंधला तर तोफांच्या सलामीचाही मान नव्हता, म्हणजे दिल्लीच्या नजरेत अगदी खालच्या पायरीचं संस्थान. पण करवसुली, शाळा, न्यायालय, तुरुंग हा घरातला कारभार संस्थानाचा. आणि आजची गोष्ट या घरातल्या कारभाराचीच आहे.

हा देश झाला कसा?

थोडक्यात सांगतो, इतिहासाचा तास घेत नाही. छत्रपती राजाराम महाराज जिंजीला होते तेव्हा 'प्रतिनिधी' हे नवं पद निर्माण झालं. छत्रपतींच्या वतीने कारभार बघणारा तो प्रतिनिधी. पुढे हे पद साताऱ्याजवळच्या किन्हईच्या परशुराम त्रिंबक यांच्या घराण्यात आलं आणि तिथेच राहिलं. त्यांची कुलदेवता औंधची यमाई.

१८१८ साली पेशवाई बुडाली. इंग्रजांनी साताऱ्याला छत्रपती प्रतापसिंहांचं राज्य ठेवलं आणि त्यांच्या मोठ्या जहागीरदारांशी वेगळे करार केले. त्यांत औंध, फलटण, भोर, जत, अक्कलकोट असे सगळे आले. १८४८ साली सातारचं राज्यच इंग्रजांनी खालसा केलं. जहागीरदार मात्र राहिले, आता थेट इंग्रजांच्या हाताखाली. आपल्या भागात दर चाळीस-पन्नास किलोमीटरवर एखादा राजवाडा का दिसतो, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

हवामान : उष्ण कटिबंध आहे, नारळ शोधू नका

उष्ण कटिबंध म्हटलं की डोळ्यांपुढे नारळ, समुद्र, हिरवंगार जंगल येतं. औंधही त्याच पट्ट्यात आहे, पण सह्याद्रीच्या चुकीच्या बाजूला! अरबी समुद्रावरून आलेले ढग आधी सह्याद्रीला धडकतात आणि महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस ओतून मोकळे होतात. पूर्वेला सरकतील तसे ते रिकामे होत जातात. आटपाडी-म्हसवडपर्यंत पोचतात तोवर शिल्लक राहतो पाचशे मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस. कधी त्याहूनही कमी. एकाच जुन्या सातारा जिल्ह्याच्या दोन टोकांमध्ये दहापट फरक! याला पर्जन्यछाया म्हणतात. छाया म्हटलं की गारवा वाटतो, पण ही छाया तापलेली असते.

हा माणदेश. इथलं सौंदर्य बघायला डोळा थोडा बसवावा लागतो. बाभूळ, बोर, हिवर, पिवळ्या फुलांचा तरवड. पावसाळ्यात चार महिने हिरवा आणि मग सोनेरी होणारा माळ. त्या माळावर चंडोल, तितर, ससे, खोकड आणि नशीब असेल तर लांडगा. लोक याला ओसाड म्हणतात. पण गवताळ माळ म्हणजे जंगल जळून उरलेली जागा नव्हे. ते स्वतःच एक पूर्ण जग आहे. मेंढपाळाला विचारा, तो कुठलं गवत कधी गोड लागतं तेही सांगेल.

याच मातीत खिलार बैल घडला. खिलारच्या जातींमध्ये एका प्रकाराचं नावच 'आटपाडी महाल' आहे. पांढराशुभ्र, लांब शिंगांचा, कमी चाऱ्यात पळणारा. देशाचं नाव गेलं, पण बैलाच्या नावात 'महाल' राहिला.

पहिला दिवस : औंध

साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे औंध चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. रेल्वेने येणार असाल तर पुणे-मिरज मार्गावर रहिमतपूर स्टेशनला उतरा आणि पुढे एसटी किंवा वडाप.

गावात शिरलात की आधी यमाईचं गावातलं देऊळ आणि त्यासमोरची दगडी दीपमाळ. मान पूर्ण मागे टाकल्याशिवाय टोक दिसत नाही. मोबाइल उभा धरूनही फ्रेममध्ये बसवताना त्रास होतो, आधीच सांगून ठेवतो. मग डोंगर. त्याच्या माथ्यावर यमाईचं मूळपीठ. पायऱ्या आहेत, गाडीरस्ताही आहे. पौषात मोठी यात्रा भरते. जोतिबाने देवीला "ये माई" अशी हाक मारली म्हणून यमाई, ही कथा इथला कुणीही सांगेल.

डोंगराच्या वाटेवर आहे ती जागा, जिच्यासाठी लोक लांबून येतात: श्रीभवानी चित्रसंग्रहालय. आता विचार करा. कोपऱ्यातलं गाव, दुष्काळी मुलूख, तोफांची सलामीसुद्धा नसलेला राजा. आणि १९३०च्या दशकाच्या शेवटी तो डोंगरावर कलासंग्रहालय बांधतो. आत राजा रविवर्म्याची मूळ चित्रं. धुरंधरांची चित्रं. जुनी लघुचित्रं. युरोपातल्या गाजलेल्या शिल्पांच्या प्रतिकृती. आणि जगप्रसिद्ध शिल्पकार हेन्री मूर यांचं 'माता आणि मूल' हे दगडी शिल्प. लंडन-न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत ज्याची शिल्पं बघायला लोक रांगा लावतात, त्याचं काम खटाव तालुक्यात! संग्रहालय सरकारी आहे, आठवड्याची सुट्टी असते, म्हणून निघायच्या आधी चौकशी करा. बंद दारासमोरचा सेल्फी फार केविलवाणा दिसतो.

हा राजा कोण? भवानराव श्रीनिवासराव, सगळे त्यांना बाळासाहेब पंतप्रतिनिधी म्हणत. जन्म १८६८, गादीवर आले १९०९ साली. स्वतः चित्रकार. स्वतः कीर्तन करायचे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायला घेतली तेव्हा तिला मदत केली आणि चित्रंही स्वतः काढून दिली. १९३५ साली इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

आणि सूर्यनमस्कार! आज योगा मॅटवर 'सूर्यनमस्कार चॅलेंज' करून रील टाकतो ना आपण, त्या व्यायामाला घराघरांत आणि शाळांत नेणाऱ्या मोठ्या नावांत बाळासाहेबांचं नाव पुढे आहे. रोज स्वतः घालायचे, घरच्यांना घालायला लावायचे, संस्थानच्या शाळांत मुलांना शिकवायचे. १९३८ साली त्यांचं सूर्यनमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये छापलं गेलं.

औंधच्या शाळेच्या बाकांवरही जरा नजर टाका. साने गुरुजी लहानपणी इथे शिकले. ग. दि. माडगूळकरही. वेदांचे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर कित्येक वर्षं औंधमध्ये राहून ग्रंथ छापत होते. गायक अंतूबुवा जोशी इथेच होते. त्यांनी १९४० साली सुरू केलेला औंध संगीत महोत्सव आजही होतो. शास्त्रीय गाणं लाइव्ह ऐकायचंय आणि पुण्यातल्या गर्दीचा कंटाळा आलाय, तर दिवाळीच्या आधीच्या त्या दिवसांत औंध गाठा.

जे संग्रहालयात दिसत नाही

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, छान हौशी राजा होता. असे हौशी राजे बरेच होते. कुणी हत्ती पाळले, कुणी मोटारी जमवल्या, यांनी चित्रं जमवली. फरक काय?

फरक १९३८ सालचा.

बाळासाहेबांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत तेव्हा विलायतेतून शिकून आले होते, वय पंचविशीच्या आसपास. त्यांना बंगळुरात एक माणूस भेटला: मॉरिस फ्रीडमन. पोलंडमधला ज्यू इंजिनिअर, म्हैसूर संस्थानच्या वीज कारखान्यात कामाला. हा साहेब भगवी वस्त्रं घालायचा आणि 'भारतानंद' नावाने ओळखला जायचा. गांधींसाठी 'धनुष तकली' नावाचं सुटसुटीत सूत कातायचं साधन बनवणारा हाच. हा औंधला आला आणि त्याने राजापुढे कल्पना मांडली: सत्ता लोकांना देऊन टाका.

१९३८च्या नोव्हेंबरात, सत्तरीतल्या बाळासाहेबांनी तसं जाहीरच केलं. आप्पासाहेब आणि फ्रीडमन गांधीजींकडे गेले आणि गांधीजींच्या सल्ल्याने घटना तयार झाली. जानेवारी १९३९ मध्ये ती लागू झाली. भारताची राज्यघटना यायला अजून अकरा वर्षं होती.

ही घटना काम कशी करायची, ते समजून घ्या, कारण गंमत तिच्या रचनेत आहे. आपल्या नेहमीच्या डोक्यात सत्ता वरून खाली येते: दिल्ली, मुंबई, जिल्हा, तालुका आणि उरलंसुरलं गावाला. औंधच्या घटनेने पाया गाव धरला. प्रत्येक गावाने पाच जणांची पंचायत निवडायची. पंचायतींच्या प्रमुखांमधून तालुक्याचा कारभार उभा राहायचा आणि तालुक्यांतून संस्थानचं विधिमंडळ. म्हणजे विधिमंडळात बसलेला माणूस आधी आपल्या गावच्या पंचांत बसलेला असणार. गावची विहीर, शाळा, छोटे तंटे, हे गावातच बघायचं.

राजाने स्वतःच्या हातातली सत्ता कमी करून घेतली. आणि गांधीजींनी तरुण आप्पासाहेबांना काय सांगितलं असेल? भाषण द्या? नाही. गावातल्या माणसासारखं, अगदी थोड्या पैशांत राहून दाखवा. राजपुत्राला!

आता लगेच टाळ्या वाजवू नका. दोन गोष्टी लक्षात ठेवू. एक, हे सगळं राजाच्या इच्छेने झालं. त्याच्या मनात आलं म्हणून मिळालं, नसतं आलं तर मिळालं नसतं. शेजारच्या संस्थानांतल्या लोकांना कुठे मिळालं? दोन, कागदावर पंचायत आली म्हणून गावकुसाबाहेरच्या माणसाचं जगणं एका रात्रीत बदलत नाही. याच संस्थानातल्या आटपाडीचे शंकरराव खरात. वडील गावचे तराळ, महारकीची कामं करणारे. खरात पुढे वकील झाले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांचं 'तराळ-अंतराळ' हे आत्मचरित्र वाचा. संग्रहालयातली चित्रं बघितल्यावर तर जरूर वाचा. एकाच देशाची दोन टोकं दिसतील.

दुसरा दिवस : आटपाडी

औंधहून पुसेसावळी, विटा करत आटपाडी. रस्त्यात विट्याला चहा घ्या. हा खानापूर-आटपाडीचा पट्टा म्हणजे गलाईवाल्यांचा मुलूख. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम करणारी इथली माणसं भारतभर पसरलीत. केरळपासून पंजाबपर्यंत सराफ बाजारात जा, कुठल्या तरी गल्लीत 'कुठलं गाव?' विचारल्यावर 'विट्याजवळ' असं मराठीत उत्तर येतं. पाऊस नाही म्हणून माणसं गेली आणि आगीपाशी बसून त्यांनी घरं उभी केली.

आटपाडीत बघायचं काय? पहिली गोष्ट बघायची नाहीच, समजून घ्यायची. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. १९३९ साली फ्रीडमनच्या पुढाकाराने संस्थानाने हा प्रयोग सुरू केला: कैद्यांचा तुरुंग, पण भिंती नाहीत. कैद्यांनी इथे शेती करायची, बायकामुलांसह राहायचं. गज नाहीत, साखळदंड नाहीत. पळून जायचं तर अडवायला फक्त स्वतःचा शब्द.

ओळखीचं वाटतंय? व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा 'दो आँखें बारह हाथ'. सहा कैदी आणि एक जेलर. त्या सिनेमामागची प्रेरणा हीच जागा आणि कथा लिहिली ग. दि. माडगूळकरांनी, म्हणजे इथल्याच माणसाने. सिनेमाला पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळालं. औंध संस्थान तोवर नकाशावर राहिलंही नव्हतं, पण त्याची एक कल्पना बर्लिनला जाऊन आली.

स्वतंत्रपूर आजही राज्याच्या तुरुंग विभागाची खुली वसाहत म्हणून चालू आहे. तिथे खरी माणसं शिक्षा भोगत, घर सांभाळत राहतात. त्यामुळे कृपा करून मोबाइल काढून 'व्लॉग' करायला आत घुसू नका. रस्त्यावरून जाताना एवढंच लक्षात आणा की भिंत कुठेच दिसत नाहीये.

दुसरी जागा माडगुळे. गदिमा आणि व्यंकटेश माडगूळकर या दोघा भावांचं गाव. गदिमा गावी आले की शेतातल्या ज्या खोपटात लिहायला बसायचे, त्याला 'बामणाचा पत्रा' म्हणतात. आणि व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५ सालची. वय असेल विशीच्या आतबाहेर, असा एक पोरसवदा मास्तर मेंढपाळांच्या वाडीत शाळा चालवायला जातो. सगळी वाडी मिळून तालीम बांधते आणि उद्घाटनाला राजा येतो. तो राजा म्हणजे औंधचाच. तुम्ही ती कादंबरी शाळेत धडा म्हणून वाचली असेल तर आता माळावर बसून पुन्हा वाचा. अमोल पालेकरांनी १९९५ साली तिच्यावर सिनेमाही केलाय.

जेवायला बाजरीची भाकरी, आणि कुणाच्या घरी ओळख निघाली तर हुलग्याचं माडगं मागा. पौषात आलात तर खरसुंडीला सिद्धनाथाची यात्रा, खिलार जनावरांचा मोठा बाजार. आणि एखाद्या गावात गजी ढोल वाजताना ऐकू आला तर गाडी थांबवा. धनगरांचं गजीनृत्य स्टेजवर बघणं वेगळं आणि माळावर धुळीत बघणं वेगळं.

एक नवं दृश्यही आता आटपाडीत दिसतं: पाणी. कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्याने वर चढवत इथपर्यंत आणलंय. डाळिंबाच्या बागा दिसतील. ढगांनी जे दिलं नाही ते पंपांनी आणलं. ते सगळ्यांच्या शिवारात पोचलं का, हा प्रश्न चहाच्या टपरीवर विचारा. उत्तराला अर्धा तास लागेल, वेळ काढून ठेवा.

तिसरा दिवस : कुंडल आणि किर्लोस्करवाडी

आता परत विट्यावरून दक्षिणेला, पलूस तालुक्यात. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवावा लागला. जागा कुठेच नाही. बाळासाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन दिली, कर्जही दिलं. जमीन कसली? निवडुंग आणि साप. तिथे लोखंडी नांगराचा कारखाना आणि कामगारांसाठी आखून बांधलेलं गाव उभं राहिलं. ती किर्लोस्करवाडी. पुढे स्टेशनचं नावही तेच झालं. याच वाडीतून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघालं, मग 'स्त्री', मग 'मनोहर'. नांगर आणि मासिक एकाच गावातून! कऱ्हाडला रेल्वेने उतरता ते ओगलेवाडीसुद्धा याच राजाच्या मदतीने उभ्या राहिलेल्या काचकारखान्याचं गाव. 'प्रभाकर' कंदील आजीला विचारा, ती सांगेल.

शेजारीच सागरेश्वर अभयारण्य. उजाड डोंगरांवर माणसांनी झाडं लावून हे जंगल केलं आणि हरणं सोडली. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांचं नाव त्याच्याशी कायमचं जोडलेलं आहे. पायथ्याशी देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, आणि जुन्या देवळांचा समूह. सकाळी लवकर जा, हरणं दिसतील.

आणि कुंडल. डोंगरातली जैन तीर्थं बघा, जरूर बघा. पण कुंडलची मोठी गोष्ट १९४३ नंतरची. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली जुन्या सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभं राहिलं: इंग्रजांचं राज्य असताना लोकांचं समांतर सरकार. गावात न्यायदान मंडळं, सावकारीला चाप, दारूबंदी, कमी खर्चाची लग्नं. त्याची तुफान सेना, तिचे जी. डी. बापू लाड, या सगळ्याचं केंद्र कुंडल. ७ जून १९४३ला शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पगाराची रक्कम लुटली, ती याच मंडळींनी.

कुंडलच का? लोकांची छाती होती, हे पहिलं कारण. पण नकाशा आठवा, चुरलेल्या भाकरीचा. कुंडल औंध संस्थानात. चार पावलं टाकली की इंग्रजी मुलूख, पुन्हा चार पावलं की संस्थान. इंग्रजांच्या पोलिसांना हद्द आडवी यायची. ज्या तुकड्या-तुकड्यांमुळे राजाला कारभार करणं कठीण जायचं, तेच तुकडे भूमिगतांच्या कामाला आले.

मग या देशात बघण्यासारखं नेमकं काय?

माझ्या मते हे. एका चिमुकल्या मुलखात, चार-पाच वर्षांच्या अंतराने, सत्ता गावात आणण्याच्या दोन वाटा चालून झाल्या. औंधच्या वाड्यात राजाने सत्ता दिली. कुंडलच्या शिवारात लोकांनी सत्ता घेतली. एकीकडे गांधीजींच्या सल्ल्याने लिहिलेली घटना, दुसरीकडे हातात बंदूक आणि डोक्यावर वॉरंट. दोन्हीकडे मूळ प्रश्न एकच होता: गावचा निर्णय गावात होणार की नाही?

८ मार्च १९४८ला औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. घटनेला जेमतेम नऊ वर्षं मिळाली, त्यातली निम्म्याहून जास्त महायुद्धात गेली. ती यशस्वी झाली असती का, हे सांगायला तेवढा काळ पुरत नाही. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले. दक्षिण सातारा पुढे सांगली झाला. औंध एका जिल्ह्यात, आटपाडी-कुंडल दुसऱ्या. आप्पासाहेब पंत त्याच वर्षी, १९४८ला, भारताचे प्रतिनिधी म्हणून केनियात गेले आणि पुढे कितीतरी देशांत राजदूत झाले. बाळासाहेब १९५१ साली गेले.

विलीनीकरण व्हायलाच हवं होतं. पाचशेहून जास्त संस्थानांची वेगवेगळी चूल ठेवून देश चालला नसता. पण त्या गडबडीत जी गावं नऊ वर्षं स्वतःचा कारभार करायला शिकत होती, त्यांना पुन्हा वरून येणाऱ्या आदेशाची वाट बघायची सवय लागली. पंचायतींना राज्यघटनेत पक्कं स्थान मिळायला १९९२ची ७३वी घटनादुरुस्ती यावी लागली. म्हणजे औंधनंतर अर्ध्या शतकाहून जास्त काळ.

तीन दिवसांच्या या सहलीला पैसे फार लागत नाहीत. एसटी, वडाप, एखादा लॉज, दोन वेळची भाकरी. उन्हाळा टाळा. पावसाळा सरताना, माळ हिरवा असताना या, किंवा पौषात यात्रांच्या वेळी. पाण्याची बाटली भरून घ्या. या देशात पाणी मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही, पण ते किती लांबून आलंय हे लक्षात असू द्या.

आणि घरी परत गेल्यावर एक गोष्ट करून बघा. तुमच्या गावची पुढची ग्रामसभा कधी आहे ते विचारा. तारीख घरात कुणालाच माहीत नसेल, तर हा भाग त्यांनाही ऐकवा.

भेटू पुढच्या भागात. तुमच्या भागातला असा एखादा विरघळलेला छोटा देश असेल, जत म्हणा, मिरज म्हणा, फलटण म्हणा, तर कळवा. मॉरिशसही करू कधीतरी. त्याला अजून पासपोर्ट काढायचाय.